मोरचूद न घातलेली खळ

लग्नघरी कोणी पताकांसाठी तांदळाची खळ शिजवायला घेतली, की मी उठून अंगणात जाते. लोकांना वाटतं, बाईला चुलीचा धूर सोसत नाही. धुराचं काय हो, झाडीपट्टीत जन्म गेला, धुरातच डोळे उघडले. सोसत नाही तो खळीचा वास. त्या वासानं अजून माझे हात कापतात, आणि पन्नाशी उलटलेल्या बाईचे हात कापताना दिसले की चार जणी विचारायला येतात. म्हणून मीच आधी उठते.

मी जन्माची भित्री. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, माझ्यापाठी दोन होते. पालीला भ्यायची, पोस्टमनला भ्यायची, साहेबाच्या बुटांच्या आवाजाला भ्यायची. आणि अशा बाईला नोकरी कोणती लागावी? वैनगंगेच्या काठच्या एका तालुक्यात, जमिनीच्या जुन्या नकाशांची राखण करायची. कोणत्या गावाची शीव कुठं, जंगल कुठवर, तलाव कोणाच्या हद्दीत, हे सगळं ज्या कागदांवर आहे ते कागद माझ्या ताब्यात. एक लांबट खोली, लोखंडी रॅक, लाल कापडात बांधलेले बस्ते, आणि छताला एकच पंखा, तोही बंद, कारण त्याच्या वाऱ्यानं कागद उडतात. कुलूप नीट लागलं की नाही हे पाहायला मी बसस्टँडवरून किती वेळा परत आले असेन, त्याला मोजमाप नाही.

काम मला शिकवलं ते माझ्या आधीच्या अभिलेखापालांनी. सगळं ऑफिस त्यांना बाबूजी म्हणायचं. दर मे महिन्यात ते बस्ते सोडून नकाशांना ऊन दाखवायचे, कडुलिंबाचा पाला बदलायचे, आणि फाटलेला नकाशा असेल तर स्वतः खळ करून मागून पट्ट्या लावायचे. त्यांची कृती मला पाठ होती. "मैदा घे, नाई त तांदूळ घे, पण मोरचूद टाकल्याशिवाय खाली उतरवू नको. मोरचूद विसरली त ते खळ नाई, जेवण होते. किड्याचं जेवण."

बाबूजी निवृत्त व्हायच्या वर्षी एका गावाचा नकाशा माझ्या वाट्याला आला. जंगलाच्या कडेचं, साठ-सत्तर घरांचं गाव. नकाशा घडीवर पार दुभंगलेला, दोन तुकडे आणि मधून झालेल्या बारीक चिंध्या. ऑफिसची शेगडी त्या दिवसांत बिघडलेली, म्हणून खळ घरी शिजवायची ठरली. घरी माझं लेकरू दहा महिन्यांचं. घरात जाड बुडाचा गंज, म्हणजे पातेलं, एकच, आणि त्याच गंजात मी लेकराची पेज शिजवायची.

मोरचुदाची निळी पुडी हातात घेऊन मी चुलीपुढं किती वेळ बसले होते, ते आजही आठवतं. जहर ते. घासलं तरी कुठं कडेला राहिलं तर? उद्या सकाळी लेकराच्या पेजेत उतरलं तर? गंज फेकून दुसरा घेता आला असता. तसं सुचलंही. पण तो माहेरचा होता, जड पितळेचा, नवाच म्हणावा असा. मी पुडी तशीच पर्समध्ये टाकली आणि घरच्याच तांदळाची, दाट, पांढरीशुभ्र खळ करून डब्यात भरून नेली.

"मोरचूद टाकलं?" बाबूजींनी विचारलं.

"हो जी," मी म्हटलं.

आयुष्यात मी फार खोटं बोललेली नाही. त्यालाही धाडस लागतं. पण हे बोलले.

तीन दिवस मी त्या नकाशावर वाकून होते. एक तुकडा दुसऱ्याला जुळवायचा, रेघ रेघेला मिळाली की मागून पट्टी लावायची, वरून फडकं दाबायचं. मधोमध गावची बोडी होती, म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव. तिच्या निळ्या रंगातूनच फाटलं होतं. बोडीच्या पाळीत तुडूम दाखवलेलं, धानाच्या बांध्यांना पाणी सोडायचं तोंड ते. तुडमापासून मावळतीकडं एक तुटक रेघ जंगलात शिरायची आणि एका लहान त्रिकोणाशी थांबायची. तिथं तीन गावांच्या शिवा मिळत होत्या. रेघेवर अंतराचा आकडा होता, जुन्या मोजणीच्या अठरा साखळ्या. घडी नेमकी त्या आकड्यावरून गेलेली. अर्धा आकडा या तुकड्यावर, अर्धा त्या. तो जुळवायला मला अख्खी एक दुपार लागली, आणि जुळला तेव्हा मी खोलीत एकटीच "जमलं गं बाई" असं मोठ्यानं म्हटलं होतं. बाबूजींनी नकाशा उजेडापुढं धरून पाहिला आणि म्हणाले, "माझ्याहून साफ केलं तू." माझी मान शरमेनं खाली गेली. त्यांना वाटलं, लाजली.

पुढं काही वर्षांनी नकाशे स्कॅन करणारे लोक आले. मोठं मशीन, त्याला रूळ. त्या रुळांतून एक जुना कागद चर्रकन फाटताना मी पाहिला आणि माझं धाबं दणाणलं. त्या गावाचा नकाशा मी त्यांच्या गठ्ठ्यातून काढून वरच्या फळीवर मागं सारला. म्हटलं, हा माझ्या हातचा आहे, याला मी मागाहून स्वतः धरून स्कॅन करवीन. यादीत त्याच्यापुढं पेन्सिलनं लिहिलं, "नंतर". ते लोक काम संपवून निघून गेले. तो "नंतर" तसाच राहिला. मी दर वर्षी वरच्या फळीकडं पाहायची, बाहेरून बस्ता ठीक दिसायचा, आणि सोडून बघायची मला भीती वाटायची. हे लिहितानाही लाज वाटते, पण खरं ते हेच. बाबूजींच्या मागं मी सगळ्या बस्त्यांना ऊन दाखवलं, त्या एका सोडून.

मग दिवाळी उलटून धान कापणी चालू असताना, एका सकाळी त्या गावचे एक गृहस्थ, सगळे ज्यांना भाऊ म्हणायचे ते, नकाशाच्या नकलेचा अर्ज घेऊन आले. गावच्या वनहक्क समितीचे ते सचिव. उन्हानं रापलेले, खिशाला दोन पेनं. त्यांनी उभ्यानंच सगळं सांगितलं. गावानं जंगलावरच्या सामूहिक हक्काचा दावा केला होता, पण शेजारचं गाव म्हणत होतं की बोडी आणि बोडीमागचं जंगल आमच्या हद्दीत येतं. आठ दिवसांनी साहेब लोक जागेवर पाहणीला येणार होते.

"नकाशा दाखवला का मिटलं बाई," भाऊ म्हणाले. "बोडी गेली त धान गेलं. जंगल गेलं त मोह गेला, तेंदू गेला, बांबू गेला. मंग गावात राहून कराचं काय?"

"दुपारी या जी," मी म्हटलं.

ते गेल्यावर मी स्टुलावर चढून बस्ता खाली काढला. कापडाची गाठ सोडली. गुंडाळी उलगडली तेव्हा आधी आतून भुकटी पडली, बारीक, पिठासारखी, माझ्या साडीवर. मग चांदीच्या रंगाचे किडे सैरावैरा पळाले. कसर. कागद सगळा नव्हता खाल्ला. जिथं जिथं मी पट्ट्या लावल्या होत्या, नेमकं तेवढंच खाल्लं होतं. बोडीच्या जागी जाळी. तुटक रेघ नाही. आकडा नाही. त्रिकोण नाही. बाकीचं गाव, घरं, बांध्या, रस्ता, सगळं कोरं करकरीत शाबूत.

मी तिथंच फरशीवर बसले आणि गुंडाळी पदराखाली झाकली, जसं काही कोणी पाहतच होतं. पहिला विचार गावाचा आला असं म्हणावं तर ते खोटं होईल. पहिला विचार आला पोलीस. दुसरा, नोकरी. तिसरा, नातेवाईक काय म्हणतील. गाव चौथ्या नंबरावर आलं.

दुपारी भाऊ आले. "साहेब दौऱ्यावर गेले जी, परवा या," मी म्हटलं. साहेब शेजारच्या खोलीत चहा पीत होते, त्यांच्या कपाचा आवाज येत होता. भाऊंनी तो ऐकला असेल.

घरी मला भात गिळवेना. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "काऊन जिवाला खाऊन राह्यली? 'अभिलेख उपलब्ध नाही' असा शेरा मार अन् मोकळी हो. सगळेच मारतात." बोलणं चूक नव्हतं. त्या तीन शब्दांत कोणाचं नाव नसतं. कोणी हरवला, कोणी फाडला, कोणी खाऊ घातला, काही नाही. दुसऱ्या दिवशी मी तो शेरा लिहिलाही. सही करायला पेन टेकवलं, आणि बाबूजींचं ते "माझ्याहून साफ केलं तू" आठवलं. पेन उचललं. अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि ब्रह्मपुरीची बस धरली. बाबूजी तिथं मुलीकडं राहत होते.

ऐंशी उलटलेला माणूस. डोळ्याला दिसत नव्हतं, पण माझा आवाज ओळखला. मी नकाशाचं सांगितलं, पट्ट्यांचं सांगितलं, किड्यांचं सांगितलं. एवढी वर्षं गेली तरी त्यांनी तोच प्रश्न विचारला.

"मोरचूद टाकलं होतं?"

"नाही जी."

मला वाटलं, आता हाकलतील. हाकललं असतं तर बरं वाटलं असतं.

"मले त्याच दिवशी माहीत होतं," ते म्हणाले. "खळ पांढरी होती. मोरचुदाची खळ निळसर दिसते. मी तुले बोललो नाई. रिटायर व्हाले महिना राह्यला होता, म्हटलं काऊन भांडा. तुझ्याएवढाच मी बी डरपोक." मग त्यांनी हात चाचपडत माझं मनगट धरलं. "पण तीन दिवस तुझ्या डोळ्याखाली होता ना तो? मंग जाऊन सांग, काय होतं त्याच्यात."

परत येताना बसमध्ये मी पर्समधल्या एका बिलाच्या मागं तो नकाशा काढून पाहिला. बोडी, तुडूम, रेघ, अठरा साखळ्या, त्रिकोण. बस अशी हादरत होती की बोडीची पाळ करवतीच्या दात्यांसारखी निघाली.

भाऊ आले तेव्हा मी त्यांना आतच बोलावलं आणि खाल्लेला नकाशा टेबलावर पसरला. सगळं सांगितलं. गंजाचंही. ते ओरडतील याची मी तयारी केली होती. ते ओरडले नाहीत, खाली बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "बाई, आमी अंगठेबहाद्दर लोक. कागद तुमच्याजवळ ठेवला तो तुमी शिकलेले म्हणून. घरी ठेवला असता त धानाच्या कोठीत राह्यला असता." त्यांच्या खिशाची दोन पेनं माझ्या डोळ्यांपुढं होती.

मग मी साहेबांकडं गेले आणि लेखी दिलं. माझ्या चुकीनं नकाशाचा भाग नष्ट झाला, त्यावर काय होतं ते मला आठवतं, मी जागेवर येऊन सांगायला तयार आहे. साहेबांनी कागद दोनदा वाचला. "तुम्ही काय लिहून दिलंय, कळतंय का तुम्हाला?" म्हणाले. मला कळत होतं. खुर्चीचा हात घट्ट धरून मी उभी होते.

पाहणीच्या दिवशी आम्ही बोडीच्या पाळीवर जमलो तेव्हा ऊन चढलं होतं. महसुलाचे साहेब, मोजणीवाले दोघं, भाऊंच्या गावचे पन्नासेक लोक आणि शेजारच्या गावचे तेवढेच. पाळीवरच्या ओल्या मातीत वाघाचे पाय उमटलेले, ताजे. कापणी चालू होती तरी त्या बाजूच्या बांध्यांत आठवडाभर कोणी उतरलं नव्हतं. लोकांनी टिनाचे डबे आणले होते, ते बडवत, हाकारे देत सगळे घोळक्यानं चालायचं ठरलं. एरवी पालीला भिणारी मी, वाघाच्या पायाकडं पाहून म्हटलं, बाप्पा, याला भ्यायला आज मला फुरसत नाही.

"बोला बाई," साहेब म्हणाले.

मी तुडमावर उभी राहिले. "इथून मावळतीकडं. अठरा साखळ्या. तिथं तीन गावांच्या शिवेचा दगड."

शेजारच्या गावचा एक जण हसला. "बाईच्या डोक्यातला नकाशा अन् त्याच्यावर आमचं जंगल द्याचं?" खरं तर त्याचंही बरोबर होतं. माझ्या डोक्यावर मीसुद्धा जंगल दिलं नसतं.

मोजणीवाल्यांनी टेप धरला. साखळ्यांचे मीटर केले आणि निघालो. डबे बडवले जात होते, पाचोळा वाजत होता, आणि प्रत्येक वेळी टेप पुढं सरकला की मी मनात साखळ्या मोजायची. येनाची झाडं, मग मोहाची, मग दाट झुडूप. चढ आला, उतार आला. मोजणीवाला थांबला. "हे घ्या. झालं अंतर."

दगड नव्हता.

तिथं माणसाहून उंच एक वारूळ उभं होतं आणि त्याच्या अंगाला कोणीतरी कधीतरी वाहिलेलं वाळकं कुंकू. चहूकडं पाहिलं, पन्नास पावलं इकडं, पन्नास तिकडं. दगड नाही. डबे बडवायचे थांबले. तो मघाचा माणूस पुन्हा हसला, या वेळी त्याच्यासोबत चार जण. साहेबांनी वहीत काहीतरी लिहायला घेतलं. भाऊ माझ्याकडं पाहत नव्हते. अख्खं गाव कुठंतरी दुसरीकडं पाहत होतं. मला वाटलं, वाघानं आत्ता यावं आणि मला न्यावं. खोटं सांगत नाही, मनापासून वाटलं.

गावची एक म्हातारी बाई, मोह वेचून हात काळे पडलेली, पुढं आली. "बाई, आकडा पक्का ध्यानात हाय ना तुमच्या?"

"अख्खी दुपार जुळवत होते, बाई," मी म्हटलं. "दुसरं काही माझं खरं नसेल. आकडा खरा आहे."

तिनं वारुळाकडं पाहिलं. "आमी वारूळ नाई फोडत. नागाची जागा हाय. माझ्या सासूनं बी नाई फोडलं. म्हणून आत काय हाय ते कोणालेच माहीत नाई." मग तिनं चपला काढल्या, वारुळाला हात जोडले, बाटलीतलं पाणी पायथ्याशी ओतलं आणि पुटपुटत माफी मागितली. शेजारच्या गावच्या लोकांनीही चपला काढल्या. ती भाऊंना म्हणाली, "वरून नको मारू. बाजूनं, खालून."

भाऊंनी लोखंडी सब्बल घातली. माती, माती, माती. मग टण्ण झालं.

हातांनी माती उकरली गेली, कोणाकोणाचे हात होते कळलं नाही. दगड निघाला. घडलेला, चौकोनी, डोक्यावर तीन दिशांना कोरलेल्या तीन रेघा. हसणारा माणूसही वाकून पाहत होता. साहेबांनी वहीतलं लिहिलेलं खोडलं आणि नव्यानं लिहिलं. खाली माझी सही घेतली, अंगठ्याएवढ्या अक्षरांत, कारण हात आवरत नव्हता.

गावाला पुढं हक्काचा कागद मिळाला. बोडी राहिली. माझी चौकशी लागली ती अजून चालू आहे, दर दोन-तीन महिन्यांनी खुलासा मागतात, मी तोच खुलासा पुन्हा लिहून देते, आणि टपाल आलं की अजून छातीत धस्स होतं.

नव्या मोजणीचा नकाशा तयार झाला तेव्हा एक प्रत गावाला द्यायला मीच गेले. समाज मंदिरात सगळे जमले. नकाशा पुठ्ठ्यावर लावून भिंतीला टांगायचा होता. तेवढ्यात ती म्हातारी बाई हसत हसत आतून आली, हातात वाफाळता गंज. तांदळाची खळ. दाट, पांढरीशुभ्र.

"थांबा!" मी अशी किंचाळले की दोघं-तिघं दाराकडं पळाले. त्यांना वाटलं, वाघ.

मी पर्स उघडली. बाबूजींकडून आले त्या दिवसापासून मोरचुदाची पुडी पर्समध्येच असते. निळे खडे फोडून मी गंजात टाकले, काडीनं ढवळले. खळ हळूहळू निळी झाली. हात कापत होते, पण ढवळत राहिले. "हे जहर आहे. हात धुवा. लेकरांना जवळ येऊ देऊ नका."

म्हातारीनं गंजात वाकून पाहिलं. चांगला जड, पितळेचा गंज होता.

"मंग याच्यात आता भात नाई शिजवाचा?"

"नाही."

"कधीच नाई?"

"कधीच नाही, बाई. गंज गेला."

तिनं गंज माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, "जाऊ द्या. गंज भेटते बाजारात." आणि पदर खोचून नकाशाच्या मागं खळ लावायला बसली.